शाल-श्रीफळ झालं, आता कागद दाखवा: माजी सैनिकांच्या दारी येणारा उमेदवार पारखायचा कसा

निवडणूक जवळ आली की नाशिकरोड, देवळाली कॅम्प, भगूर, उपनगर, विहितगाव या पट्ट्यात माजी सैनिकांचे मेळावे भरू लागतात. यात नवल नाही. तोफखाना केंद्र इथलं, तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय देवळालीचं, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण, ओझरला हवाई दल. नोकरी संपल्यावर इथेच घर बांधून राहिलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. एका घरात चार-पाच मतं असतात, शिवाय सुभेदारसाहेबांच्या शब्दाला गल्लीत वजन असतं. उमेदवाराला हे गणित नीट ठाऊक असतं.

त्याच्या मनात काय आहे ते शोधण्यात वेळ घालवू नका, ते कुणालाच कळत नाही. तीन गोष्टी मात्र तपासता येतात. तो कधीपासून येतोय? जे देतो म्हणतोय ते त्याच्या हातात आहे का? आणि याआधी दिलेल्या शब्दाचा कागद कुठे आहे? सामान फार लागत नाही: एक वही, स्मार्टफोन, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि मतदानाआधीचे किमान दोन महिने. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात जागे झालात तर निम्म्या चाचण्या करताच येत नाहीत, कारण माहिती अधिकाराच्या उत्तरालाच ३० दिवस जातात.

तारखांची वही

वहीत चार रकाने आखा: तारीख, कार्यक्रम, खर्च कुणाचा, पुढे काय झालं. उमेदवाराचं फेसबुक पान उघडा आणि निदान तीन वर्षं मागे जा. या तारखांवर थांबा: १४ जानेवारी माजी सैनिक दिन, २६ जुलै कारगिल विजय दिवस, २८ सप्टेंबर तोफखान्याचा गनर्स डे, ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबर विजय दिवस.

सगळ्या तारखांना सारखे गुण देऊ नका. २६ जुलैला प्रत्येक जण पोस्ट टाकतो, त्या नोंदीची किंमत शून्य धरा. २८ सप्टेंबर माहीत असेल तर त्याचं तोफखान्यातल्या माणसांशी थोडंफार बोलणं आहे एवढं कळतं. खरी तारीख ७ डिसेंबर, कारण ध्वजदिनाला फोटोपेक्षा निधी महत्त्वाचा. तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो आणि त्याची पावती मिळते. "साहेब, मागच्या तीन वर्षांच्या ध्वजदिन निधीच्या पावत्या आहेत का?" हा प्रश्न बैठकीत शांतपणे विचारता येतो. रक्कम ५०० असली तरी चालेल. तिन्ही वर्षांच्या पावत्या असणं महत्त्वाचं.

इथे हमखास फसगत होते ती अशी की पोस्टची तारीख म्हणजे कार्यक्रमाची तारीख असं आपण धरून चालतो. जुने फोटो नव्याने टाकणं सर्रास चालतं. फोटोतला मागचा बॅनर मोठा करून बघा, वर्ष बहुधा तिथे छापलेलं असतं. नसेल तर बॅनरवर कोण नेते आहेत ते बघा. गेल्या काही वर्षांत पक्ष आणि गट इतके फुटले-जुळले आहेत की कोण कुणाशेजारी हसतंय यावरून वर्ष सांगता येतं. पानाच्या पारदर्शकतेच्या भागात ते कधी उघडलं आणि त्याचं नाव किती वेळा बदललं हेही दिसतं. कालपर्यंत क्रिकेट स्पर्धेचं असलेलं पान आज 'जनसेवक' झालं असेल तर वहीत लिहा. मेटाच्या जाहिरात संग्रहात उमेदवाराचं नाव टाकलं की त्या पानाने राजकीय जाहिराती कधीपासून दिल्या, अंदाजे किती खर्च केला आणि पैसे कुणाच्या नावाने भरले ते कळतं.

बाकी मतदारांनाही हीच वही चालते. हळदीकुंकू, खेळ पैठणीचा, देवदर्शनाच्या बसगाड्या, आरोग्य शिबिर, मोफत चष्मे. यात येवल्याची पैठणी कुणाला लागली यापेक्षा शिबिरात मोतीबिंदू निघालेल्या माणसाचं ऑपरेशन पुढे झालं का, हा प्रश्न मोलाचा. चौथा रकाना त्यासाठीच आहे. तो सगळीकडे कोरा राहिला तर पहिले तीन रकाने कितीही भरलेले असोत, माणूस हंगामी आहे. निवडणूक नसलेल्या वर्षात दोन-तीन नोंदी आणि त्यातल्या एकीचा पाठपुरावा, एवढं सापडलं तरी आमच्या मते तो उमेदवार सरासरीच्या वर आहे.

कुणाच्या हातात काय

माजी सैनिकांना दिल्या जाणाऱ्या आश्वासनांतली बरीचशी चुकीच्या पदाची असतात. नगरसेवकपदाचा उमेदवार पेन्शनवर बोलतो आणि खासदारकीचा उमेदवार गटारीवर. आश्वासन ऐकलं की पहिल्यांदा ते कुणाच्या अखत्यारीत बसतं ते पाहा.

पेन्शन, ओआरओपी (समान हुद्दा, समान पेन्शन), ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), सीएसडी म्हणजे लष्करी कॅन्टीन, अग्निपथ (अग्निवीर भरतीची योजना) हे सगळं केंद्राचं, संरक्षण मंत्रालयाचं. खासदारही यात फक्त प्रश्न विचारू शकतो, पत्र लिहू शकतो, समितीत बोलू शकतो. पण ते तरी त्याला करता येतं, आणि केलं असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर तारखेसह सापडतं. खासदाराच्या नावाने शोधा, संरक्षण मंत्रालय निवडा, प्रश्न वाचा. इथे एक खाच आहे: मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही. त्याच्या नावापुढे शून्य दिसलं म्हणून त्याला नापास करू नका, मंत्री होण्याआधीचं बघा.

राज्य शासनाच्या गट क आणि ड पदांमधलं माजी सैनिकांचं १५ टक्के समांतर आरक्षण, सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं, जिल्हा कार्यालयातली रिकामी पदं हे राज्याचं. आमदाराने यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडली का ते विधिमंडळाच्या कामकाजात दिसतं. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, खासदाराचाही ५ कोटी. "सैनिक भवन बांधून देतो" हे आश्वासन या निधीतून शक्य आहे. मग विचारायचं ते जागेबद्दल. जागा कुणाच्या नावावर, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कुठे? जागा नसलेल्या भवनाचा नारळ निवडणुकीआधी फुटतो आणि कोनशिला पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच उभी राहते.

घरपट्टी महापालिकेची. राज्य शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली आणि माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांना एका निवासी मालमत्तेच्या करात माफी दिली. त्यामुळे आज कुणी "माजी सैनिकांची घरपट्टी माफ करून दाखवीन" म्हणत असेल तर त्याने एकतर माहिती घेतलेली नाही किंवा तुम्हाला ती नाही असं त्याने गृहीत धरलंय. नगरसेवकाचं खरं काम वेगळं आहे: विभागीय कार्यालयात अडकलेले अर्ज हलवणं, डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, घरपट्टीचं बिल आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला एकाच दिवशी एकाच टेबलावर जमतील असं शिबिर घेणं. असं शिबिर निवडणूक नसताना घेणाऱ्याला वहीत ठळक खूण करा.

देवळाली कॅम्पचं प्रकरण आणखी निराळं. तिथलं कटक मंडळ, म्हणजे लष्करी छावणीच्या वस्तीचा कारभार पाहणारी संस्था, २००६ च्या केंद्रीय छावणी अधिनियमावर चालतं, म्हणून महापालिकेचा नियम तिथे आपोआप लागू होत नाही. लष्करी हद्दीजवळच्या बांधकाम परवानगीचा गुंताही संरक्षण मंत्रालयाच्या नियमांत अडकतो. ३० एप्रिल २०२३ ला ठरलेली देशभरातल्या कटक मंडळांची निवडणूक मार्चमध्येच रद्द झाली, नागरी वस्ती शेजारच्या पालिकेत घालण्याची चर्चाही तेव्हापासून चालू आहे. "निवडून आलो की कॅम्प महापालिकेत घेतो" असं सांगणाऱ्याला विचारा, आदेश कोण काढणार आणि तुम्ही आजवर कुणाला काय लिहिलंत?

ओझरकरांनी एक लक्षात ठेवावं. ओझर निफाड विधानसभेत, म्हणजे दिंडोरी लोकसभेत येतं. नाशिक लोकसभेचा उमेदवार तिथे मेळावा घेत असेल तर तो फोटोसाठी आहे, तुमच्या मतासाठीसुद्धा नाही.

बैठकीत काय विचारायचं

प्रश्न अवघड नको, नेमका हवा. आणि उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त बोलते. "मला माहीत नाही, गुरुवारपर्यंत विचारून सांगतो" म्हणणारा आणि खरंच गुरुवारी फोन करणारा उमेदवार, भाषण ठोकणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

ओआरओपीबद्दल विचारा: पुढची फेरनिश्चिती कधी? आदेश ७ नोव्हेंबर २०१५ चा, लागू १ जुलै २०१४ पासून, दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती. २०१९ ची झाली, २०२४ ची झाली, म्हणजे पुढची १ जुलै २०२९. "ओआरओपी मिळवून देऊ" एवढंच म्हणणारा दहा वर्षं मागे आहे. जाणकार माणूस खालच्या हुद्द्यांच्या तक्रारी किंवा स्वेच्छेने लवकर बाहेर पडलेल्यांना वगळल्याचा मुद्दा काढील.

स्पर्शबद्दल, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल विचारा: पेन्शन अचानक थांबली तर म्हाताऱ्या माणसाने आधी कुठे जायचं? अपेक्षित उत्तर साधं आहे. हयातीचा दाखला चुकला का ते आधी पाहायचं, तो जीवन प्रमाण या ऑनलाइन सेवेवरून किंवा सामायिक सुविधा केंद्रात भरायचा, नाव-जन्मतारीख जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि तक्रार शेवटी प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे. ज्याने एकाही निवृत्त जवानाची फाईल हाताळली आहे त्याला 'प्रयागराज' हा शब्द माहीत असतोच.

अग्निवीरांबद्दल विचारा, कारण नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातच त्यांचं प्रशिक्षण होतं आणि या भागातली मुलंही त्यात आहेत. चार वर्षं नोकरी, २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. परत आलेल्या मुलाला माजी सैनिकाचा दर्जा मिळेल का? योजनेच्या अटींनुसार नाही. "सगळ्या अग्निवीरांना माजी सैनिकांच्या सवलती देऊ" असं महापालिकेचा उमेदवार बोलला तर तिथेच थांबवा. हा त्याच्या पदाचा विषयच नव्हे.

चौथा प्रश्न व्याख्येचा: माजी सैनिक कुणाला म्हणायचं? केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेले जवान आदरणीयच, पण त्यांची पेन्शन, दवाखाना, कॅन्टीन सगळं वेगळ्या व्यवस्थेत आहे. दोघांना एका पत्रकात कोंबून सारखीच आश्वासनं देणाऱ्याने यादी कुणाकडून तरी उसनी आणलेली असते.

श्रेय लाटण्याचा एक ताजा नमुना. केंद्रीय सैनिक मंडळाची मदत नोव्हेंबर २०२५ पासून दुप्पट झाली: ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना महिन्याला ४,००० चे ८,०००, शिक्षणासाठी दरमहा १,००० चे २,०००, मुलीच्या लग्नासाठी ५०,००० चा १ लाख. हा निर्णय संरक्षणमंत्र्यांच्या पातळीवरचा आणि देशभराचा. पत्रकात तो 'आमच्या प्रयत्नांना यश' म्हणून आला तर प्रयत्नाचं पत्र मागा. पत्र असेल तर त्यावर निर्णयाच्या आधीची तारीख हवी. आणि मग दुसरा प्रश्न: तुमच्या प्रभागातल्या किती जणांचे अर्ज तुम्ही भरून दिलेत? श्रेयापेक्षा हा आकडा कामाचा.

छोट्या कामाची चाचणी

सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत भरवशाची. मतदानाच्या दीड-दोन महिने आधी, आचारसंहिता लागायच्या आत, उमेदवाराच्या जनसंपर्क कार्यालयात एक खरं, लहान, त्याच्या आवाक्यातलं काम लेखी द्या. उदाहरणार्थ, अंथरुणाला खिळलेल्या माजी सैनिकाचा हयातीचा दाखला घरी येऊन काढून देणं, किंवा ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या रस्त्यावरचा बंद दिवा. क्रम असा ठेवा.

१. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. रविवारी साहेब स्वतः असतात, तेव्हा सगळं छान चालतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी कार्यालय उघडं आहे का आणि खुर्चीत कोण आहे ते कळतं.

२. अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच मागा. "पोच कशाला काका, आपलंच आहे" असं उत्तर मिळालं तर तिथे आवक नोंदवहीच नाही असं समजा. नोंदवही नसलेल्या कार्यालयातून पाठपुरावा होत नाही, माणसं चांगली असली तरी.

३. सातव्या दिवशी फोन करा, पंधराव्या दिवशी परत जा. जावक क्रमांकासह पुढे कुठे पत्र गेलं ते विचारा. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेला फोटो म्हणजे जावक पत्र नव्हे.

४. एकवीस दिवसांनी निकाल लिहा: काम झालं, नाही झालं पण कारण लेखी कळवलं, किंवा कुणी काही कळवलंच नाही. दुसऱ्या प्रकारालाही पास करा. न होणारं काम न होणारं आहे हे वेळेत सांगणं हीसुद्धा सेवाच आहे.

चाचणी बिघडते ती दोन कारणांनी. ओळखीच्या कार्यकर्त्यामार्फत काम दिलं तर ते त्याच्या ओळखीने होतं, कार्यालयाची परीक्षा होत नाही. आणि आचारसंहिता लागल्यावर दिलं तर "आता आचारसंहिता आहे" हे उत्तर तयार असतं, जे अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं असतं. नवीन कामाला बंदी असते, चालू योजनेतल्या दाखल्याला नसते.

दहा रुपयांचा अर्ज

तोंडी दावा तपासायला माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. लांबलचक लिहिलं तर परत येतो. राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरूनही करता येतो. मजकूर असा ठेवा:

"जन माहिती अधिकारी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, नाशिक यांस. विषय: लोकप्रतिनिधींकडून प्राप्त पत्रव्यवहार. कालावधी: (तारीख) ते (तारीख). श्री./श्रीमती (उमेदवाराचं नाव) यांच्याकडून माजी सैनिक, वीरनारी किंवा त्यांच्या अवलंबितांच्या कामांसंदर्भात या कालावधीत प्राप्त झालेल्या पत्रांची एकूण संख्या, प्रत्येक पत्राचा आवक क्रमांक व दिनांक आणि त्यावर केलेल्या कार्यवाहीची सद्यस्थिती कळवावी. लाभार्थ्यांची नावे अथवा वैयक्तिक माहिती नको आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. नावं मागितली की वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळला जातो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपये. प्रतींना पानामागे २ रुपये. महापालिकेकडे वेगळा अर्ज करून नाशिकरोड, सिडको, सातपूर, पंचवटी, पूर्व, पश्चिम या सहा विभागांत माजी सैनिकांच्या करमाफीचे अर्ज किती आले, किती मंजूर, किती प्रलंबित ते मागता येतं. मावळता नगरसेवक पुन्हा उभा असेल तर त्याच्या विभागाचा आकडा समोर ठेवून बोला.

उत्तरात 'निरंक' आलं तर? त्याचा अर्थ त्या कार्यालयात पत्र नाही एवढाच. काही जण थेट पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाला लिहितात. उमेदवाराला प्रत दाखवायची संधी द्या आणि मगच बोला.

व्यासपीठाकडे नीट बघा

वीरनारींचा सत्कार हा मेळाव्याचा ठरलेला भाग. शाल, श्रीफळ, साडी, फोटो. सत्कार वाईट नाही, पण आधी तीन गोष्टी पाहा. त्यांना आमंत्रण देताना हा राजकीय कार्यक्रम आहे हे सांगितलं होतं का? त्यांना बोलायला माईक दिला का, की नुसत्या उभ्या केल्या? आणि उमेदवाराला त्यांच्या पेन्शनचा प्रकार माहीत आहे का? युद्धात मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, सेवेमुळे आला तर विशेष, अन्यथा साधी. या तीन रकमांत मोठा फरक असतो आणि वर्षानुवर्षांचे वाद इथेच अडकतात. 'शहीद' हा शब्द भाषणात दहा वेळा येतो, लष्कराच्या कागदात तो अधिकृत संज्ञा म्हणून नाही, आणि कुटुंबाला पैसे कागदातल्या शब्दावर मिळतात.

सेवेतल्या जवानाला रजेवर असतानाही राजकीय सभेत भाग घ्यायला मनाई आहे, लष्कर नियम १९५४ मध्ये ते स्पष्ट आहे. उत्साहाच्या भरात उमेदवाराने त्याला हार घातला तर मार बसतो तो त्या पोराला, उमेदवाराला काही होत नाही. जो उमेदवार स्वतः म्हणतो "तू नोकरीत आहेस, वर येऊ नको", त्याला सैन्य कळतं.

फलकावर जवानांचे, सेनाप्रमुखांचे किंवा कारवाईचे फोटो असतील तर तेही लिहून ठेवा. संरक्षण दलातल्यांची छायाचित्रं प्रचारात वापरू नयेत असं निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये कळवलं आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवरून जागेवरच फोटो काढून तक्रार करता येते, १०० मिनिटांत कार्यवाहीची अपेक्षा असते. जुना गॅलरीतला फोटो ते अॅप घेत नाही, हे ध्यानात ठेवा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, तिथे तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर तेही बेकायदा.

उमेदवार स्वतः माजी सैनिक असेल तर आपली चाचणी ढिली पडते, आपला माणूस म्हणून. युनिट, ट्रेड, कुठली वर्षं एवढं विचारलं की सभागृहातल्या चार जणांना दोन मिनिटांत सगळं कळतं. सर्व्हिस नंबर चारचौघांत मागू नका, ते बरं दिसत नाही आणि गरजही नाही. पण सेवा खरी असणं आणि काम करायची तयारी असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहा.

"संघटनेचा पाठिंबा"

वर्तमानपत्रात बातमी येते: अमुक संघटनेचा तमुकला जाहीर पाठिंबा. संघटनेत किती सभासद, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, ठराव कुठल्या सभेत झाला, सूचना किती दिवस आधी गेली, गणपूर्ती होती का? बहुतेकदा अध्यक्ष, सचिव आणि एक लेटरहेड एवढ्यावर भागतं. ठरावाची प्रत मागितली की आवाज बदलतो. तुम्ही सभासद असाल तर इतिवृत्त पाहायचा आग्रह धरा.

शपथपत्र मात्र प्रत्येकाने पाहावं. लोकसभा-विधानसभेला नमुना २६, आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत. गुन्हे आणि मालमत्ता लोक बघतातच. तुम्ही शासकीय थकबाकीचा आणि सरकारी कंत्राटांचा भाग वाचा. दुसऱ्याची घरपट्टी माफ करणाऱ्याची स्वतःची थकलेली आहे का, आणि ज्या सैनिक स्मारकाचं तो सुशोभीकरण करणार आहे त्याचं कंत्राट कुटुंबात तर नाही ना, हे तिथे सापडतं.

मतदानाच्या सोयीवरूनही माणूस कळतो. पंच्याऐंशी पार केलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मतदान करता येतं, त्यासाठी १२-ड अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत जायला हवा. निवृत्तीनंतर सेना मतदार यादीतून नाव काढून स्थानिक यादीत नमुना ६ ने घालावं लागतं, आणि हे न केल्यामुळे मतदानाच्या दिवशी परत फिरणारे दरवेळी निघतात. जो उमेदवार हे अर्ज सगळ्यांचे भरून घेतो, "मत कुणाला" असं न विचारता, त्याची नोंद ठेवा. जो फक्त आपल्या बाजूच्या घरांचे भरतो, त्याचीही.

नव्या उमेदवाराला ही फूटपट्टी जशीच्या तशी लावू नका. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईंकडे तीन वर्षांची पोस्ट नसणारच, विधिमंडळातले प्रश्न तर नाहीतच. त्यांना छोटं काम द्या, अखत्यारीचा प्रश्न विचारा, आणि दोन-तीन आश्वासनं तारखेसह सहीनिशी मागा: "निवडून आल्यावर ९० दिवसांत नाशिकरोड विभागात करमाफीचं शिबिर." सही करताना माणूस किती वेळ घेतो ते बघा. वाचून, एक कलम खोडून सही करणारा न वाचता सही करणाऱ्यापेक्षा विश्वासाचा.

निकालानंतर वही बंद करू नका. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि एक रुपया फी भरून तो कुणालाही पाहता येतो. मेळाव्याच्या तारखेचं पान काढा. हॉलचं भाडं, खुर्च्या, मंडप, जेवणाची ताटं, शाली. तीनशे ताटं तुम्ही स्वतः मोजलेली असतील आणि हिशेबात चहाचे पन्नास कप लागले असतील, तर पाच वर्षांनी तो परत दारात येईल तेव्हा काय विचारायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.